मित्राबरोबर गोव्याला पोकर खेळायला जाताना: ठाणे-पनवेलकरांसाठी पूर्ण तयारी

प्रवास, खोली आणि जेवण दोघांचं एकत्र. पैसे, चिप्स आणि टेबलावरचा निर्णय ज्याचा त्याचा. मित्राबरोबर कॅसिनोत जाताना एवढी एक गोष्ट निघण्याआधी पक्की झाली पाहिजे. पुढे जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीसाठी आहे, कारण अशा ट्रिपा बिघडतात त्या पत्ते वाईट आले म्हणून क्वचितच. एकाचे संपले, दुसऱ्याने दिले, तेही गेले, आणि परतीच्या गाडीत दोघं खिडकीबाहेर बघत बसले, असं जास्त वेळा होतं.

गोवाच का, हे आधी. ठाणे, नवी मुंबईच काय, महाराष्ट्रात कुठेही कायदेशीर कॅसिनो नाही. राज्याने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. १८८७ चा जुगारबंदी कायदा मात्र लागू आहे. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये किंवा पनवेलजवळच्या फार्महाऊसवर ‘कॅश गेम आहे, बसता का’ असं आमंत्रण आलं तर स्वच्छ नाही म्हणा. पोकर कौशल्याचा खेळ की जुगार हा वाद कोर्टात रंगू दे, धाड पडल्यावर तो तुमच्या कामाचा नाही. शिवाय तिथे पत्त्यांवर खुणा असल्या किंवा जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर तक्रार कुणाकडे करणार? ऑनलाइनचा मार्गही आता नाही. पैसे लावून खेळायच्या ॲप्सवर केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली, त्यात पोकरही आलं. फुकटच्या चिप्सवर सराव करायला हरकत नाही.

गोव्यात जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना कायद्याने यंत्रांवरच्या खेळांची परवानगी आहे आणि प्रत्यक्ष टेबलांची परवानगी जहाजांना. म्हणून पोकरसाठी पणजीत मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांकडे बघायचं. वय २१ पूर्ण हवं, आणि ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलमधला फोटो नव्हे. यातली एक अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही: फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तुमचा मित्र वीस वर्षं कोपरखैरण्यात राहत असेल, पण आधारवर अजून म्हापशाचा पत्ता असेल, तर जेट्टीवरच अडेल. पत्ता आधी बदलून घ्या.

निघण्याआधी करायचे फोन

तिकीट काढायच्या आधी कॅसिनोच्या पोकर रूमला फोन करा. स्वागतकक्षाला नको, पोकर रूमलाच. प्रश्न लिहून ठेवा: त्या रात्री पोकरचा कोणता प्रकार चालू असतो, होल्डेम (हातात दोन पत्ते) की ओमाहा (हातात चार)? ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, किती? कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती घेऊन बसता येतं? रेक, म्हणजे डावातून कॅसिनो कापून घेतं ती रक्कम, किती टक्के आणि कमाल किती? टेबल किती वाजता लागतं? पोकर खेळणाऱ्यांना प्रवेश शुल्कात सवलत आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा हजार रुपये दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतात?

हा शेवटचा प्रश्न जीएसटीमुळे आहे. चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर रकमेतच धरलेला असेल तर १०,००० रुपयांत सुमारे ७,१४३ रुपयांच्या चिप्स येतात. वरून आकारला तर १०,००० च्या चिप्ससाठी १४,००० मोजावे लागतात. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायचं असेल तरी टेबलावर ४० टक्के कमवावे लागतात. एखादं कॅसिनो यातला काही भार स्वतः उचलतं किंवा बोनस म्हणून परत देतं, म्हणून विचारूनच घ्यायचं. पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि ट्रिपकडे कमाईचं साधन म्हणून बघू नका. ज्यांना चांगला खेळ खेळायचाय आणि त्यासाठी खर्च करायची ऐपत आहे, त्यांच्यासाठी ही ट्रिप आहे.

या कराचे दोन बारकावे खिशाला थेट लागतात. न खेळता परत केलेल्या चिप्सवरचा कर सुटत नाही. म्हणून एकदम तीन बाय-इनच्या (बाय-इन म्हणजे एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) चिप्स घेऊ नका, एक संपल्यावरच दुसरं. आणि जिंकलेल्या चिप्स न वटवता तशाच पुढे खेळल्या तर त्यावर पुन्हा कर नाही. जेवायला उठताना चिप्स वटवून आल्यावर नव्याने घेणारा माणूस विनाकारण दुसऱ्यांदा कर भरतो. मध्ये उठायचं असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीलरला सांगून चिप्स टेबलावरच ठेवता येतात. किती वेळ जागा राखतात ते विचारा.

पैशाचा हिशेब

५०/१०० च्या टेबलावर (छोटा ब्लाइंड ५०, मोठा म्हणजे बिग ब्लाइंड १००) १०० बिग ब्लाइंड म्हणजे १०,००० रुपये हा नीट खेळण्याजोगा बाय-इन आहे. एका वीकेंडला प्रत्येकी तीन बाय-इन बाजूला ठेवा. कर धरून हे ४२,००० पर्यंत जाऊ शकतं. एवढी रक्कम पूर्ण गेली तरी घराचा हप्ता, मुलांची फी, आईबाबांची औषधं यांना धक्का लागत नसेल तरच निघा. नाहीतर दोनच बाय-इन ठेवा, म्हणजे २८,००० ला मर्यादा येते. दोन बाय-इनही जड असतील तर या वर्षी टेबल नको.

ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका, त्या खात्याला ओव्हरड्राफ्ट नको. मुख्य खात्याची यूपीआय मर्यादा बँकेच्या ॲपमधून ट्रिपपुरती खाली आणा. क्रेडिट कार्ड घरी. हे सगळं ठाण्यात बसून, शांत डोक्याने करायचं. पहाटे अडीचला जहाजावर हरलेला माणूस स्वतःवर मर्यादा घालू शकत नाही.

मग मित्राबरोबर चार गोष्टी ठरवा आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांना लिहून पाठवा. पहिली: कॅसिनोत उधार द्यायचं नाही, मागायचं नाही. दुसरी: एकमेकांच्या निकालात टक्केवारी घेणार आहात का? (काही मित्र दहा-दहा टक्के वाटून घेतात. घेतली तर एका टेबलावर बसू नका, कारण मग एकमेकांविरुद्ध प्रामाणिकपणे खेळताच येत नाही.) तिसरी: एकाचे पैसे संपले तर दुसऱ्याने उठायची सक्ती नाही. संपलेल्याने टेबलामागे उभं राहून पत्ते बघायचे नाहीत. जहाजावरून जेट्टीवर नेणाऱ्या फीडर बोटीने परत जाऊन झोपायचं. यासाठी हॉटेलमधून खोलीच्या दोन चाव्या घ्या, हे सांगूनही लोक विसरतात. चौथी: उठायची वेळ घड्याळावर ठरवा. ‘थोडं रिकव्हर झालं की उठू’ ही वेळ होत नाही.

जाणं-येणं

ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या सोयीची, सकाळी करमळीला उतरलं की पणजी अगदी जवळ. इथे पनवेलकरांची नेहमीची चूक होते: ही गाडी सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, ठाण्याला बारा वाजायच्या आत येते, पण पनवेलला मध्यरात्र उलटलेली असते. पनवेलहून चढणार असाल तर तिकिटावरची तारीख पुढच्या दिवसाची हवी. शुक्रवारी रात्री जेवून निघणार असाल तर पनवेलचं तिकीट शनिवारचं. वंदे भारत पहाटे ठाण्याला आणि पनवेलला थांबते, पण करमळीला नाही. थिवी किंवा मडगावला उतरावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पाहून घ्या.

गाडीने जाणार असाल तर परतीला मध्ये एक पूर्ण झोप हवीच. रात्रभर टेबलावर बसून सकाळी घाटातून गाडी चालवणं ही या ट्रिपमधली खरी जीवघेणी पैज आहे.

मुक्काम पणजीतच ठेवा, जेट्टीपासून चालत जाता येईल असा. कळंगुटला स्वस्तात खोली घेऊन रात्री तीन वाजता टॅक्सीला दोनदा पैसे घालण्यात अर्थ नाही. गोव्यात ओला-उबर नाही. गोवा माइल्सचं ॲप टाकून ठेवा. लाँग वीकेंड, दिवाळी आणि डिसेंबरअखेर प्रवेश शुल्क आणि गर्दी दोन्ही चढी असतात. शिकाऊ माणसाने सोमवार ते गुरुवार जावं, टेबलं निवांत असतात.

महिनाभराचा सराव

घरी सराव करा, पैसे न लावता. चिप्सचा संच नसेल तर बुद्धिबळाची प्यादी, कॅरमच्या सोंगट्या काहीही चालेल. मोजदाद मात्र खरी ठेवा. चार-पाच जण जमवून एक जण डीलर करा, म्हणजे क्रम, ब्लाइंड आणि बटन (ज्याची पाळी शेवटी येते त्या जागेची खूण, दर डावाला एक जागा पुढे सरकते) अंगवळणी पडतात.

तीनपत्ती खेळून वाढलेल्या आपल्या लोकांची एक खोड इथे महाग पडते: प्रत्येक डावात राहायची. आकडे बघा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे सहा तासांत साधारण १७०. हातात कुठलीही जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा, म्हणजे रात्रीत दहाएक जोड्या. जोडी घेऊन फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडणाऱ्या पाच सामाईक पत्त्यांपैकी पहिल्या तिनांत, तिसरा तसाच पत्ता मिळण्याची शक्यता साडेआठात एकदा, म्हणजे रात्रीत जेमतेम एकदा. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. कदाचित त्या रात्री येणारच नाही. ज्याला हे माहीत असतं तो तीन तास शांतपणे पत्ते टाकू, म्हणजे डाव सोडून देऊ शकतो. नऊ जणांच्या टेबलावर सुरुवातीच्या जागांवरून सत्त्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) एक्का-गुलाम किंवा राजा-राणी, एवढ्यावरच खेळा. बटनजवळ बसला असाल तर थोडं सैल करा. पहिल्या ट्रिपला इतकं पुरे.

दुसरा सराव पॉट ऑड्सचा, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेच्या (पॉट) मानाने समोरच्याएवढे पैसे भरून डावात राहणं (कॉल) परवडतं का ते बघायचा. हा एक डाव नीट डोक्यात बसवा. तुमच्या हातात इस्पिकचे एक्का आणि नव्वी. टर्नपर्यंत, म्हणजे चौथा पत्ता उघडेपर्यंत, मधल्या चार पत्त्यांत दोन इस्पिक, बाकी काही जुळलेलं नाही. आणखी एक इस्पिक आला तर फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते. पॉटमध्ये १,२०० आहेत, समोरच्याने ६०० लावले. तुम्हाला ६०० घालून १,८०० जिंकायचे आहेत, म्हणजे एकूण २,४०० पैकी ६००: निदान २५ टक्के वेळा जिंकलात तर कॉल परवडतो. न दिसलेले पत्ते ४६, त्यात इस्पिक ९, म्हणजे २० टक्क्यांहून थोडी कमी शक्यता. एक्का येऊन जोडीने जिंकाल असं धरायचं तर समोरच्याकडे त्याहून मोठं काही नाही याची खात्री हवी, आणि ती बहुतेक वेळा नसते. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी बरेच पैसे देईल असं वाटत नसेल तर पत्ते टाका. हाच डाव फ्लॉपवर असता, समोरचा ऑल-इन झाला असता (सगळ्या चिप्स लावल्या असत्या) आणि दोन पत्ते यायचे असते, तर शक्यता ३५ टक्के होते आणि याच प्रमाणात कॉल बरोबर ठरतो. टेबलावर भागाकार करत बसायची गरज नाही: उपयोगी पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दुप्पट, दोन यायचे असतील तर चौपट. साधारण तेवढे टक्के. नऊ पत्त्यांना १८ आणि ३६, खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ.

साइड पॉटही, म्हणजे कमी चिप्सवाला ऑल-इन झाल्यावर उरलेल्यांच्या जास्तीच्या पैशांचा वेगळा पॉट, घरीच पक्का करा. अ कडे ४,०००, ब आणि क कडे ९,००० प्रत्येकी, तिघंही ऑल-इन. मुख्य पॉट १२,००० आणि त्यात तिघं. साइड पॉट १०,००० आणि त्यात फक्त ब व क. अ जिंकला तरी त्याला १२,००० च मिळतात.

जहाजावर

फुल पँट, कॉलरचा शर्ट, बूट. चप्पल आणि बर्म्युडावर बहुतेक ठिकाणी पुरुषांना आत घेत नाहीत. प्रवेश शुल्कात साधारणपणे जेवण, दारू आणि ‘वन टाइम प्ले’ चिप्स येतात. या चिप्स वटवता येत नाहीत, एकदा लावल्या की संपल्या, त्यावर जिंकलात तर ते पैसे खरे. पोकर टेबलावर त्या बहुधा चालत नाहीत, त्यामुळे त्या इतर खेळांच्या टेबलांवर संपवा आणि तिथून उठा.

कारण बाकीची टेबलं घराविरुद्धची, म्हणजे कॅसिनोविरुद्धची आहेत. पोकरमध्ये तुम्ही इतर खेळाडूंविरुद्ध असता आणि कॅसिनो फक्त रेक घेतं. रुलेटमध्ये एका शून्याच्या चाकावर घराची आघाडी (लावलेल्या पैशातला सरासरी फायदा) २.७ टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६ टक्के, ती कुठल्याही पद्धतीने भरून निघत नाही. बॅकराट या पत्त्यांच्या खेळात ‘टाय’वर (बरोबरीवर) लावणं तर १४ टक्क्यांचं नुकसान. पाटीवर ‘पोकर’ लिहिलेल्या टेबलाकडेही नीट बघा. डीलर स्वतःचे पत्ते उघडून तुमच्याशी तुलना करत असेल तर तोही घराविरुद्धचाच खेळ आहे, तुम्ही सराव केलेला नाही.

पोकर रूममध्ये गेल्यावर नाव यादीत द्या आणि जागा मिळेपर्यंत अर्धा तास नुसतं बघा. ब्लाइंड १००/२०० लिहिलेले असले तरी प्रत्येक डावात कुणीतरी ४०० चा स्ट्रॅडल (पत्ते बघायच्या आधी आपणहून लावलेली दुप्पट रक्कम) लावत असेल, तर तो खेळ प्रत्यक्षात दुप्पट मोठा आहे आणि तुमचे १०० ब्लाइंड ५० झाले. ओमाहा चालू असेल तर नवख्याने बसूच नका. तिथे हातात चार पत्ते असतात, त्यातले नेमके दोनच वापरायचे असतात, आणि होल्डेममध्ये जबरदस्त वाटणारा हात तिथे अगदी सामान्य निघतो.

बसल्यावर या चुका टाळा. आपली पाळी येईपर्यंत पत्ते टाकू नका. ‘रेज’ (वाढवतो) न म्हणता एकच मोठी चिप पुढे टाकली तर ती कॉल धरतात. दोनदा हात नेऊन चिप्स ठेवल्या तर दुसऱ्या खेपेच्या परत करतात. म्हणून आधी तोंडाने रक्कम सांगा, मग चिप्स ठेवा. बोललेला शब्द बांधील असतो. पत्त्यांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर चुकून ते टाकलेल्या ढिगात ओढेल आणि ते परत मिळत नाहीत. शोडाऊनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, दोन्ही पत्ते उघडे टेबलावर ठेवा, आपण हरलो असं वाटलं तरी, डीलर वाचेल. जिंकलेल्या चिप्सपैकी काही खिशात टाकून टेबलावर खेळत राहता येत नाही. मोबाइलने फोटो काढू नका.

आता मित्र. दोन टेबलं असतील तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. एकच असेल तर शेजारी बसू नका, मध्ये दोन-तीन माणसं ठेवा. डाव चालू असताना मराठीत एक शब्दही नको. पणजीत डीलरसकट अर्ध्या टेबलाला मराठी कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना तुम्ही पत्ते सांगताय असं वाटेल. दोघंच डावात उरलात म्हणून चेक-चेक करत, म्हणजे काहीच न लावता, शेवटपर्यंत जाणं ही मैत्री नाही, ती इतरांची फसवणूक आहे. अनुभवी टेबल ते दोन डावांत ओळखतं आणि फ्लोअर मॅनेजर दोघांनाही उठवू शकतो. मित्राकडे फ्लश आहे असं वाटत असेल तर परक्या माणसाविरुद्ध टाकला असता तसा हात टाका. आपल्याकडे असेल तर परक्याकडून घेतले असते तेवढेच पैसे त्याच्याकडून घ्या. पाहिजे तर जेवण तुमच्याकडून. टेबलावर त्याला चिप्स सरकवणं तर नियमातच बसत नाही.

मित्राचा तोल गेलाय हे तुम्हाला त्याच्याआधी दिसतं: तो पाळीआधी चिप्स हातात घेतो, प्रत्येक डाव बघायला पैसे टाकतो, डीलरवर चिडतो. अशा वेळी टेबलावर सल्ला देऊ नका. उठून जेवायला चल म्हणा, डेकवर जाऊन पंधरा मिनिटं वारा खा. दारू फुकट असते म्हणून ती स्वस्त पडत नाही. एका ग्लासामागे एक ग्लास पाणी, आणि खेळायचं असेल तर दोनवर थांबा. ठरलेली रक्कम सोडून घरच्या पैशाला हात घालायची किंवा खोटं सांगून कुणाकडून मागवायची वेळ आली, तर ती वाईट रात्र नाही, तो आजार आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

उठताना

ठरलेली वेळ झाली की बटन आपल्यावरून पुढे गेल्यावर उठा. पुढचा ब्लाइंड भरून उठण्यात अर्थ नाही. चिप्स काउंटरवर स्वतः मोजा, पॅन कार्ड जवळ ठेवा, पावती घ्या. एकमेकांच्या चिप्स एकत्र करून वटवू नका, रक्कम ज्याच्या नावावर लागते कर त्याच्या मागे लागतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, आणि त्यातून हरलेल्या रात्रींचं नुकसान किंवा ट्रिपचा खर्च वजा करता येत नाही. स्पर्धेत १०,००० च्या वर बक्षीस मिळालं तर टीडीएस कापूनच हातात येतं. चार-सहा महिन्यांनी आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावच्या कर-नोंदीत तो दिसतोय का ते तपासा, आणि दिसत नसेल तर जपून ठेवलेली पावती घेऊन कॅसिनोच्या हिशेब विभागाला ईमेल करा.